घोट्याची पकड

परदेशात, मरीन परेड भागात राहायचो तेव्हा, चाळिशी तोंडावर आली असताना, मी ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायला लागलो. लांबट चेंडू, ना हेल्मेट ना पॅड, आणि चेंडू ज्याच्या हातात त्याला आडवा पाडायचा. बायको म्हणाली, "गुडघा गेला तर माझ्याकडे शेक मागायला येऊ नकोस."

कोच पन्नाशीचा. तरुणपणी ऑस्ट्रेलियात बरंच खेळलेला, नाक दोनदा मोडलेलं. सरावात तो स्वतः उतरायचा आणि कुणाची गय करायचा नाही. पहिल्याच शनिवारी त्याने मला खांद्याने असं उडवलं की तोंडात माती आणि रक्त एकदमच आलं. उठलो तर पुन्हा पाडलं. नियम एकच सांगायचा: धरायचं ते खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. मला नेमकं तेच जमेना. पुण्यात कॉलेजपर्यंत मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळलेला. पाय पुढे दिसला की माझे हात आपोआप घोट्यावर जायचे. तो शिट्टी वाजवायचा, सगळे हसायचे, मी कान पकडायचो.

मोसम संपताना एका शनिवारी त्याचा निवृत्तीआधीचा शेवटचा सामना होता. त्यासाठी त्याची ऐंशीची आई पर्थहून येणार होती. मुलाचं रक्त बघवत नाही म्हणून तिने त्याचा एकही सामना पाहिला नव्हता.

त्याआधीच्या सरावात त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. ओठ फाटला, दात हलला. "ऊठ, काही झालेलं नाही," म्हणत तो चेंडू घेऊन माझ्याच अंगावरून पळाला. मी झेपावलो, दोन्ही हातांनी घोटा धरला आणि पिळून आत ओढला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मोज्याच्या वर नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही, नुसता मुठींनी गवत उपटत राहिला.

तिसऱ्या दिवशी फळं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. आई आधीचं विमान पकडून आली होती. कोच तिला म्हणाला, "हा आमचा कबड्डीवाला. हाताची सवय आहे, बिचाऱ्याचा दोष नाही."

सवय नव्हती. गुडघ्याच्या वर धरायला भरपूर जागा होती आणि ती मला दिसली होती. मला त्याला मोडायचंच होतं. आवाज ऐकून मला बरंही वाटलं होतं.

आईने माझा हात हातात घेतला.

"तू तर पाहिलंयस," ती म्हणाली. "कसा खेळतो हा?"