डॉक्टरांच्या मुक्या फिल्म्स

मुकी फिल्म बघताना माणसं फार बोलतात. पडद्यावरचा गप्प असला की आपल्यालाच राहवत नाही. ठाण्यात कोलशेतला आमचा छोटासा गाळा आहे, जुन्या फिल्म्स साफ करून कॉम्प्युटरवर उतरवायचा. तिथे वर्षभर आम्ही एकाच माणसाच्या फिल्म्स बघत होतो. त्यातून एवढे किस्से साठलेत, की मी घरी जेवताना तोंड उघडलं की बायको म्हणते, "पेशंटचं नको, भाजीचं बोल."

तो माणूस म्हणजे कल्याणचे एक डॉक्टर. आता हयात नाहीत. मेडिकलच्या मुलांना शिकवायचे. हवा तो पेशंट हव्या त्या दिवशी वर्गात कुठून आणणार, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला. बाहेर बोलपट जुने झाले, तरी यांचा कॅमेरा शेवटपर्यंत मुकाच राहिला. त्यांची नात अनघा घोडबंदर रोडला राहते. तिने डिकीत घालून चौतीस डबे आणून दिले.

*

जुनी फिल्म खराब व्हायला लागली की व्हिनेगरसारखा वास मारते. डबे उघडल्यावर दोनच दिवसांत शेजारच्या गाळ्यातले पत्रेवाले शेठ आत डोकावले. म्हणाले, "चायनीजचं किचन टाकलंय ना? आमच्याकडे पण दुपारी वीस माणसं असतात."

फिल्म साफ करायचं काम कामिनीताईचं. ती इथल्याच कोळ्यांच्या घरातली. तिने शेठना खुर्ची दिली आणि पाय कापायच्या ऑपरेशनची फिल्म दाखवली. ती फिल्म मी स्वतः अजून पूर्ण बघितलेली नाही. शेठ आठवडाभर आमच्या दारावरून गेलेच नाहीत.

*

कुठल्या फिल्ममध्ये कुठला आजार, हे सांगायला डोंबिवलीहून पेंडसे डॉक्टर यायचे. मेंदूच्या आजारांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. माणूस चार पावलं चालला की ते आजाराचं नाव सांगायचे आणि मी लिहून घ्यायचो.

एकदा मात्र अडले. धोतर-कोटातला एक माणूस पाय ओढत चालत होता. पेंडशांनी ती फिल्म तीनदा बघितली आणि म्हणाले, "याला काहीही झालेलं नाही. वळताना बघा, पाय ओढायचा विसरतोय."

त्या दिवशी अनघाही आलेली होती. ती स्क्रीनजवळ गेली. म्हणाली, "अहो, हे तर आमचे आजोबा!"

पेशंट लाजत असावा, म्हणून डॉक्टर स्वतःच चालून दाखवत होते. पुढच्याच तुकड्यात खरा पेशंट दिसतो. बाकावर बसून पोट धरून हसतोय. मग तो उठतो, डॉक्टरांना हाताने बाजूला करतो आणि स्वतः चालून दाखवतो.

पेंडसे म्हणाले, "हा मात्र खरा."

*

एका फिल्मने सगळ्यांनाच रडकुंडीला आणलं. आठ-नऊ वर्षांची मुलगी. पहिल्या तुकड्यात अंगणात चालते, जराशी लंगडत, पण चालते. दुसऱ्यात कुबड्या. तिसऱ्यात खाटेवर, पाय हलतच नाहीत. तिथे फिल्म संपते. पेंडसे म्हणाले, पोलिओ असावा. पण पोलिओत असं हळूहळू बिघडत जात नाही, मग हे काय, ते त्यांना कळेना. चहा तसाच गार झाला.

कामिनीताईने फिल्म पुन्हा लावायला सांगितली. म्हणाली, "फ्रॉक बघा. तिन्हीकडं तोच फ्रॉक हाय. खाटेवर नडगीपर्यंत येतो, चालताना गुडघ्याच्या वर. पोरगी वाढंल, फ्रॉक कसा वाढंल?"

कुणीतरी कधीतरी तुकडे उलटे जोडले होते. मी त्याच दुपारी ते सोडवून नीट जोडले. आता ती आधी खाटेवर असते आणि शेवटी अंगणात चालते. त्या दिवशी आम्ही ती फिल्म किती वेळा बघितली, सांगता येणार नाही. पेंडसे दरवेळी म्हणायचे, "अजून एकदा."

*

एका डब्यावर लिहिलेलं, 'तोतरेपणा'. तोतरेपणाची मुकी फिल्म! आम्ही भरपूर हसलो. फिल्ममध्ये सात वर्षांचा एक मुलगा कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा प्रयत्न करतो. ओठ मिटतात, मान ताणली जाते, डोळे घट्ट मिटतात, मग एकदम काहीतरी बाहेर पडतं. पुन्हा तेच. जवळजवळ तीन मिनिटं.

डब्यातल्या चिठ्ठीवरच्या नावावरून अनघाने तो मुलगा ओळखला. डॉक्टरांच्या कंपाउंडरचा मुलगा. आता ते काका विठ्ठलवाडीला राहतात, ऐंशीच्या आसपास असतील. तिने त्यांना फोन केला आणि एका रविवारी सकाळी गाळ्यावर घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. फार बोलत नव्हते. अजूनही अडखळतात, हे नमस्कार करतानाच कळलं.

आम्ही फिल्म लावली. काका हात मांडीवर ठेवून बघत होते. फिल्म संपली. मग पेंडशांनी हळूच विचारलं, "आठवतं का हो, काय म्हणत होतात?"

काकांनी मान डोलावली. बोलायला लागले, अडले. कुणी मध्ये बोललं नाही. पेंडशांनीही शब्द सुचवला नाही.

"प… प… पाणी," काका म्हणाले. "पाणी द्या म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, छान, थांबू नकोस, बोलत राहा."

अनघाने मान खाली घातली.

कामिनीताई उठली. तिने माठातून ग्लास भरून आणला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा पिऊन टाकला.