बारा खेळाडू, एक राक्षस

"सलीमभाई, तुम्ही पडलात," मी म्हटलं.

"म्हणजे मेलो?"

"नाही, बेशुद्ध आहात. कोणी उठवलं तर उठाल."

कोणी उठवलं नाही. टेबलाभोवती बारा जण होते, प्रत्येकजण आपल्या पाळीची वाट बघत. सलीमभाई चाळीस मिनिटं नुसते बसून राहिले. मग चहाला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत.

मी गेम मास्टर आहे. टेबलावर बसून खेळायच्या साहसकथा चालवते. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी जादूगार. गोष्ट मी सांगते आणि शत्रूच्या बाजूनेही मीच खेळते. वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. दर रविवारी आकुर्डीत माझ्याकडे चार-पाच जणांचे ग्रुप येतात. तेवढ्यांची मला सवय होती.

चाकणच्या एका कंपनीने टीम बिल्डिंगसाठी बोलावलं तेव्हा माणसं बारा निघाली. कंपनीने तळेगावचं युनिट बंद करून तिथले लोक चाकणला हलवले होते. दोन्हीकडचे सुपरवायझर कामापुरतंही धड बोलत नव्हते. तीन शनिवार ठरले. मी दोन टेबलं मागितली, तर एचआरच्या रेणुका मॅडम म्हणाल्या, "मग एकावर तळेगाव बसेल आणि एकावर चाकण. टेबल एकच हवं."

पहिल्या शनिवारी मी नेहमीचा राक्षस आणला. पाच जणांना तासभर पुरतो. इथे बारा जणांनी बारा वार केले आणि माझी पाळी यायच्या आत तो मेला. क्वालिटीतली प्राजक्ता म्हणाली, "एवढंच होतं?"

मला ते लागलं. दुसऱ्या शनिवारी मी राक्षसाचा जीव तिप्पट केला आणि वाराचा जोर दुप्पट. पहिलाच वार सलीमभाईंवर पडला. पुढे काय झालं ते वर सांगितलंच.

सोमवारी रेणुका मॅडमचा फोन आला. "तिसरा शनिवार कॅन्सल करू या का? सलीमभाई म्हणतात, त्यापेक्षा ओव्हरटाइम लावा."

"कॅन्सल नको. मला आधी त्यांच्याशी बोलू द्या."

सलीमभाई मेंटेनन्सचे सुपरवायझर. त्यांची सगळी नोकरी तळेगावात झालेली. मला बघून ते कॅन्टीनच्या बाकावर सरकून बसले. मी सरळ विचारलं, "माझं काय चुकलं?"

"मॅडम, राग नाही. पण एका मशीनवर बारा माणसं उभी केली तर हात एकाचाच चालणार, बाकीचे बघणार. तुम्ही मशीन मोठं केलंत. माणसं तशीच उभी राहिली ना."

मी घरी येऊन वहीत मांडलं. एका पाळीला अडीच मिनिटं धरली तर बारा जणांना अर्धा तास. म्हणजे तासाला एकाच्या वाट्याला दोनच पाळ्या. लढाईत ताकद असते ती पाळ्यांच्या संख्येत. बाराविरुद्ध एक असेल तर तो एक लगेच मरतो, नाहीतर त्याचा वार इतका जड करावा लागतो की समोरचा एका फटक्यात आडवा. मधला आकडा मी शोधत होते, आणि तो नव्हताच.

मग मी राक्षस काढूनच टाकला. त्याऐवजी एक गाव घेतलं आणि त्यावर तीन ठिकाणी हल्ला. वेस, विहीर, पूल. शत्रू पुष्कळ, पण हलके. खेळाडूंच्या जोड्या, एक तळेगावचा, एक चाकणचा. जोडीला मिळून एक पाळी आणि दीड मिनिटाचं वाळूचं घड्याळ. पडलेल्याला जोडीदाराने हात दिला की तो लगेच उठणार, पण जोडीची ती पाळी त्यातच जाणार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाराही पात्रं मी एकटीने खेळले. पहिल्यांदा गाव सहज वाचलं. दुसऱ्यांदा दहा मिनिटांत बुडालं. शत्रूंची संख्या सहा वेळा बदलली, तेव्हा कुठे लढाई अटीतटीची झाली.

शनिवारी सलीमभाई आले. "एक तास बसतो," म्हणाले. त्यांना चाकणच्या प्राजक्ताबरोबर वेशीवर उभं केलं.

तिसऱ्या फेरीत वेस फुटली आणि सलीमभाई परत पडले. वाळू गळत होती. समोर शत्रूंचा सरदार जखमी होता, एका वारात गेला असता. पुलावरून चाकणचाच कोणीतरी ओरडला, "प्राजक्ता, मार त्याला."

"मारला तरी वेस एकटीने कशी लावू? सर, उठा. अडसर कसा घालायचा ते तुम्हीच सांगा."

सलीमभाई खुर्चीत पुढे सरकले. "विहिरीवरची जोडी इकडे पाठवा. तिथे आता दोनच शत्रू राहिलेत, ते मागून येतील तेव्हा बघू."

विहिरीवरची जोडी आली. वेस लागली. पूल मात्र गेला, आणि त्यावरून पुढची पंधरा मिनिटं भांडण झालं. त्या भांडणात तळेगाव एका बाजूला आणि चाकण दुसऱ्या बाजूला असं मला काही दिसलं नाही. पुलावाले विरुद्ध वेशीवाले होते. सलीमभाई अडीच तासांनी उठले.

रेणुका मॅडम खूश होत्या. "पुढच्या वेळी वीस जण बसवू."

"बसवा. पण दोन टेबलं आणि दोन मास्टर."

या वेळी मी हट्ट सोडला नाही. आता कोणताही मोठा ग्रुप आला की शत्रू किती तगडा हवा ते मी नंतर ठरवते. आधी घड्याळ लावून बघते, एका माणसाला आपल्या पाळीसाठी किती वेळ थांबावं लागतंय.