हिंगणीचं साडेबाराचं मशीन

दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलाच्या खालच्या खणात जसे सुटे स्क्रू, फ्यूजची तार आणि कुठल्या पंख्याचे ते कोणालाच न आठवणारे नॉब साचतात, तसे तेही साचतात. आमचं दुकान सेलूला. आमचे हे, म्हणजे प्रभाकर, पंखे-मोटारी दुरुस्त करतात. मी फोन घेते आणि तक्रारी वहीत लिहिते. त्या वेळच्या वहीची अर्धी पानं एकाच घराची आहेत, हिंगणीच्या गुरुजींच्या.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. छतावर सोलरच्या पाट्या लावायच्या म्हटलं की लोक हसायचे. ह्यांनी कापसाच्या जिनिंगमधली नोकरी सोडून नागपूरला सोलरचं काम शिकून घेतलं होतं. रिटायर झालेल्या गुरुजींनी ह्यांच्या शब्दावर पाट्या बसवल्या आणि ओसरीच्या भिंतीवर इन्व्हर्टर. उन्हाची वीज आणि खांबावरची वीज ते मशीन जोडीनं चालवायचं, तेव्हा हिरवा दिवा. लाइन जरा डगमगली की मशीन तिला सोडून द्यायचं, मग लाल दिवा आणि टीं-टीं.

डीलरनं ह्यांना सांगितलं होतं, "हे पहिलं काम चाललं तर पुढची सगळी तुम्हाला. मशीन परत आलं तर विषय संपला."

आणि मशीन रोज लाइन सोडायला लागलं.

*

गुरुजींचा फोन म्हणजे शुद्धलेखन असायचं.

"सुमनताई, लिहून घ्या. मशीनने आज पुन्हा लाइनशी अबोला धरला आहे. वेळ बारा वाजून बत्तीस मिनिटे."

"हे आले की पाठवते गुरुजी. तोवर तुम्ही काही हात लावू नका."

"मी फक्त छतावर जात आहे."

"कशाला?"

"ऊन आहे का ते पाहायला."

*

ते खरंच जायचे. छत्री उघडून पाट्यांशेजारी स्टुलावर अर्धा तास बसायचे. एकदा हे वर गेले तर गुरुजी बोरच्या जंगलाकडे बघत होते. उन्हात सगळी झाडी पाण्यासारखी हलत होती.

"तीस वर्षे ह्या वेळी मी फळ्यासमोर होतो, प्रभाकरराव," ते म्हणाले. "खिडकी पोरांच्या वाट्याला. माझी तिकडे पाठ."

ह्यांचं लक्ष मात्र स्टुलाजवळच्या बादलीकडे गेलं होतं.

"गुरुजी, तापल्या काचेवर पाणी टाकता काय? तडकन ना ते! पाट्या पुसायच्या त्या सकाळी सातला. दुपारी त्यायच्याजवळ जायचंच नाई."

हा नियम हे प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यायचे. खाली लाल पेनानं रेघ.

*

ह्यांची मोटरसायकल अशी वाजायची की दुकानाच्या गल्लीत वळायच्या आधी मी चहा ठेवायची. त्या गाडीवर हे सात-आठ वेळा हिंगणीला गेले. हे दारात उभे राहिले की मशीनचा दिवा हिरवागार.

मग काकी, म्हणजे गुरुजींची बायको, जेवायला बसवायच्या. एकदा झुणका-भाकर झाल्यावर हे ओसरीत भिंतीला टेकून मशीनवर डोळे लावून बसले. ती बारीक गुणगुण ऐकता ऐकता झोप लागली. चारला जाग आली. दिवा हिरवा.

"तुम्हाले पाहून शहाण्यावानी वागते जी ते," काकी म्हणाल्या. "माह्या नातवासारखं."

*

वीज ऑफिसचा माणूस आला. म्हणाला, "लाइन बरोबर आहे, मशीन खराब."

नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, "मशीन बरोबर आहे, लाइन खराब."

योगायोगानं दोघं एकाच दिवशी आले होते. काकींनी दोघांना एकाच ताटलीत चिवडा दिला. जाताना इंजिनिअर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "पोळ्यापर्यंत बघू. नाहीतर काढून नेऊ."

*

मी वही चाळली. लोडशेडिंग सकाळ-संध्याकाळ, आणि गुरुजींच्या सगळ्या तक्रारी दुपारी साडेबारा ते एक. ह्यांना दाखवलं. हे लगेच म्हणाले, "पिठाची चक्की. मोटार सुरू झाली की लाइन दबत असन."

चक्कीवाल्याच्या हातापाया पडून तीन दिवस चक्की दुपारची बंद ठेवली. मशीन तिन्ही दिवस साडेबाराला लाल.

चौथ्या दिवशी चक्कीवाला दुकानात आला. "भाऊ, तुमचं मशीन तं सुधरलं नाई, पण तीन दिवस घरी झोपलो न् मले दुपारच्या झोपीची आदत लागली. आता गाव मले शिव्या देऊन राह्यलं."

*

पोळ्याला चार दिवस राहिले होते. निघताना मोटरसायकल पंक्चर निघाली, म्हणून हे बसनं गेले. फाट्यापासून पायी. गाडीचा आवाज नाही, काही नाही. गुरुजींच्या घरामागून पोचले तर खांबावरून घरात येणाऱ्या जाड केबलवर आठ-दहा वानरं. शेपट्या खाली सोडून निवांत बसलेली. एक उतरलं की केबल झोका घ्यायची आणि भिंतीजवळचा जोड हलायचा. आतून टीं-टीं.

दुसऱ्या दिवशी लाइनमनला बोलावून जोड पक्का केला. वानरं बसली तरी दिवा हिरवाच. पोळा झाला, मशीन भिंतीवरच राहिलं, आणि डीलरनं तळेगावचं काम ह्यांना दिलं.

"वानरं केबलवर रोज एकाच वेळी कशी येत होती?" मी विचारलं.

"वानरायले काय घड्याळ विचारू?" हे म्हणाले. मी वहीत लिहिलं, कारण : वानरं.

*

पंधरा दिवसांनी काकींचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"सुमन, मशीन लई चांगलं केलं वं तुम्ही. आता लालच होत नाई."

"बरं झालं ना काकी."

"बरंच झालं. पण आता तुमचे गुरुजी साडेबाराले छतावर जात नाईत. मांगच्या ओसरीतच बसले राह्यतात. मी पोळ्या कशा टाकू?"

"कोणाला?"

काकींचा आवाज आणखी खाली गेला.

"वानरायले. एका म्हातारीचा हात मोडका हाय. तिच्यापासून सुरू झालं. गुरुजीले माहीत झालं तं झालंच, पेरूची झाडं मोडतात म्हणून त्यायनं कवाची मनाई केली. आता ते बिचारे केबलवर बसून माह्याकडे पाह्यतात, न् मी चुलीपासून त्यायच्याकडे." मग एकदम म्हणाल्या, "थोडसंक बिघडवून देता येते का वं? अर्धाच घंटा."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, "पाह्यतो." रविवारी हिंगणीला जाऊन आले. आल्यावर थेट पंखा उघडून बसले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी दुकानात आले. चेहरा उन्हानं रापलेला, पण खुशीत. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"प्रभाकररावांनी नवे नियम लिहून दिले आहेत. तुमच्याकडे एक प्रत असू द्या."

हे मान खाली घालून पंख्याची तार गुंडाळत होते. मी कागद उघडला. अक्षर ह्यांचंच होतं, आणि खाली लाल पेनानं रेघ.

'पाट्या रोज दुपारी साडेबारा ते एक कोरड्या फडक्याने पुसणे. छत्री नेणे. घाई करू नये.'