मशालवालीची वाट

त्या वर्षी मी सहावीत होते आणि दोन गोष्टींना भीत होते. एक, बाबांची बिरसाची नोकरी. दुसरी, रविवारी सकाळी टीव्हीवर लागणाऱ्या हिंदी सिरियलमधल्या सावल्या.

बाबा मलेरिया इन्स्पेक्टर होते. सोमवारी पहाटेच्या बसने बिरसाला जायचे, तिथे एका भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी बालाघाटला परत यायचे. मधले दिवस ते जंगलातल्या गावांत फिरत. घरांवर फवारणी करून घ्यायची, ताप असलेल्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या. बिरसाकडच्या जंगलाबद्दल आमच्या मोहल्ल्यात मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. बंदूकवाले लोक येतात, सरकारी माणसांची चौकशी करतात, असं काहीबाही. मी आत आले की बोलणं थांबायचं. त्यामुळे मला जे ऐकू यायचं नाही, तेच जास्त भीती घालायचं.

सिरियलचं वेड मात्र आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची. रविवारी सकाळी न्हाणं, स्वयंपाक सगळं आटपून ती टीव्हीसमोर बसायची. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या चाचीही त्यांच्या मुलींना घेऊन यायच्या. गोष्ट एका धुक्यातल्या राज्याची होती. तिथल्या काळ्या जंगलात सावल्यांची राणी राहायची आणि तिच्या सावल्या माणसांना गिळायच्या. राजपुत्र होता, त्याचा घोडा होता, पण आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष मशालवालीकडे असायचं. ती साधी पहारेकरीण. गालावर भाजल्याचा डाग. सैन्याच्या पुढे मशाल घेऊन चालायची आणि कमी बोलायची.

शेवटच्या भागात राजपुत्र काळ्या जंगलातून बाहेर पडला. सावल्या मागून येत होत्या. मशालवाली वळून उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी येतेच. मग वीज चमकली, राणी धूर होऊन गेली, आणि लगेच राजवाड्यात लग्न सुरू झालं. ढोल वाजले, फुलं पडली, पाटी आली, संपलं. मशालवालीचं काय झालं ते कोणी विचारलंसुद्धा नाही.

"बस? इतना ही?" चाची म्हणाल्या.

बाबा पलंगावर पडून पाहत होते. ते हसले. "त्याइचा पैसा सरला असंन."

आत्या हसली नाही. टीव्ही बंद केल्यावरही ती तशीच बसून होती. "एवढी बाई जंगलात सोडून कोणी गोष्ट संपवते का? तिची येगळी सिरियल येईन, पाहजा तुमी."

पुढच्या काही महिन्यांत ती आशा मोहल्लाभर पसरली. टीव्ही दुरुस्त करणारा म्हणाला की मशालवालीच्या सिरियलचं शूटिंग सुरू झालंय. चाचींच्या गोंदियाच्या भाच्याने सांगितलं की त्याने कुठेतरी वाचलंय. दर रविवारी त्याच वेळेला चाची मुलींना घेऊन यायच्या, आणि पडद्यावर शेतीचा नाहीतर गाण्यांचा कार्यक्रम लागला की थोडं बसून परत जायच्या. मीही वाट पाहत होते, पण माझं कारण वेगळं होतं. सोमवारी पहाटे बाबा पिशवी खांद्याला लावून म्हणायचे, "येतो शनिवारी," आणि मला ती वळून उभी राहिलेली दिसायची. तिची सिरियल आली, ती जंगलातून बाहेर आली, म्हणजे माझा जीव थोडा भांड्यात पडला असता.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका शनिवारी बाबा आले नाहीत.

आईला सातवा महिना होता. ती दारात खुर्ची टाकून बसली. शेवटची बस येऊन गेली तरी उठली नाही. "फवारणी असंन," आत्या म्हणाली. रविवारी सकाळी चाची आल्या, कारण आज नवीन सिरियल सुरू होणार अशी पक्की खबर होती. आमच्या घरात टीव्ही कोणी लावला नव्हता. चाचींनी आईचा चेहरा पाहिला आणि मुलींना दारातूनच परत पाठवलं.

आत्या कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन आली. बाबांसाठी निरोप ठेवायचो त्या बिरसाच्या किराणा दुकानात फोन लागत नव्हता. दुपारी ती बस स्टँडवर गेली. बिरसाच्या बसचा कंडक्टर बाबांना ओळखायचा. तो म्हणाला, सोमवारी बिरसाला उतरले, त्यानंतर बाबूजी दिसलेच नाहीत. हे तिने आईला स्वयंपाकघरात सांगितलं. मी दाराआड होते. आईच्या हातातली परात ओट्यावर टेकल्याचा आवाज आला.

"मी जातो उद्या," आत्या म्हणाली. आमच्याकडे बायकाही कधीकधी असं पुरुषांसारखं 'जातो', 'येतो' बोलतात.

"एकट्या नका जाऊ, बाई," आई म्हणाली. "पोरीले न्या. लेकरू संग असलं का कोणी काही म्हणत नाही."

मला जायचं नव्हतं. पण घरी थांबून वाट पाहायचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैहरचा घाट चढेपर्यंत बिरसाच्या बसमध्ये गप्पा चालल्या होत्या. मग जंगल दाट झालं आणि एकेक जण गप्प होत गेला. एका वळणावर बस थांबली. रस्त्यात साजाचं मोठं झाड आडवं पडलं होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला नाही, नुसता समोर बघत बसला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "गिरा है कि गिराया है?"

आत्याने माझा हात धरला. मी विचारलं, "आत्या, थे लोक आले का?"

"नाई. चूप बैस." थोड्या वेळाने तीच बोलायला लागली, अगदी हळू, माझ्या कानाशी. "मशालवालीचं काय झालं, सांगू तुले?"

मी मान हलवली.

"मशाल विझाले आली होती. मंग थे एका झाडाले पाठ लावून बसली. काहून, तर पाठीमागून सावली येऊ नये. रातभर बसली. सकाळी सूर्य वर आला तशा सावल्या आखूड होत गेल्या. भर दुपारी तर पायाखालीच जमा झाल्या. तवा थे उठली अन् चालाले लागली."

आमच्या मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, बहुतेक बैगा आदिवासी, कपाळभर गोंदण. ती पुढे वाकून म्हणाली, "फिर?"

आत्या दचकली. मग तिला हिंदीत सांगू लागली. पलीकडच्या बाकावरची बाई पण ऐकू लागली. आत्या थांबत नव्हती. मशालवाली नाला ओलांडते, एका रिकाम्या गावात शिरते, दारं ठोठावते. दारं उघडत नाहीत इथपर्यंत गोष्ट आली आणि तोंडाला गमछा बांधलेली चार-पाच माणसं जंगलातून रस्त्यावर आली. त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या.

आत्याने माझं डोकं स्वतःच्या मांडीवर दाबलं. पदराच्या आत मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता बसमधल्या सगळ्यांना खाली उतरवतील आणि कोण कुठे नोकरी करतं ते विचारतील. मी मनात ठरवत होते की बाबांचं खातं सांगायचं नाही, शेती आहे म्हणायचं.

मग ठक ठक आवाज आला. झाड तोडण्याचा. ती रस्त्यावर काम करणारी मजूर माणसं होती. माश्या चावतात म्हणून तोंडं बांधली होती. बसमधले पुरुष उतरले, झाड ओढून बाजूला केलं. म्हातारीने पुन्हा विचारलं, "फिर दरवाजा खुला?" आत्याने नुसतं हो म्हणून मान हलवली.

बिरसाला पोचलो तर बाबांच्या खोलीला कुलूप. आत्या कुलपाकडे पाहत उभी राहिली. घरमालक धावत आला. "अस्पताल में हैं. फोन ही नहीं लग रहा था, बहनजी. आदमी भेजने ही वाले थे."

सरकारी दवाखान्यात बाबा खाटेवर पडले होते. डोळे पिवळे, ओठ फाटलेले. ज्या तापाच्या मागे ते गावोगाव फिरायचे, तोच त्यांच्या डोक्यात चढला होता. मी जवळ गेले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ही कोनाची पोरगी?" ते आत्याला म्हणाले. "इतं काहून आली? तिच्या घरी नेऊन द्या तिले."

तेवढी भीती मला बसमध्येही वाटली नव्हती. आत्या म्हणाली, "दादा, तुहीच पोरगी." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

डॉक्टरांनी जीप दिली. त्याच रस्त्याने, सलाईनची बाटली आत्याने हातात उंच धरून, आम्ही त्यांना बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. काही दिवसांनी ताप उतरला. ते मला ओळखू लागले, आईची चेष्टा करू लागले. बिरसातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. पुढे भाऊ झाला. वर्षभराने जवळच्या लालबर्र्याला बदली झाली आणि बाबा रोज घरी येऊ लागले.

चाचींनी मध्ये एकदा पुन्हा खबर आणली, दिवाळीनंतर मशालवाली नक्की. आत्या खूश झाली. मला मात्र ती आता यायला नको होती. इतके दिवस जंगलात राहिलेली बाई परत आली आणि तिने कोणाला ओळखलंच नाही तर, असं मला वाटायचं. ती सिरियल कधीच आली नाही. आत्या कितीतरी रविवारी वाट पाहत राहिली, मी त्या वेळी मागच्या अंगणात भांडी घासत बसायचे.

बाबांना मी मधूनच प्रश्न विचारायचे. मी कोणत्या वर्गात आहे? माझ्या मैत्रिणीचं घर कुठे आहे? त्यांना तो खेळ वाटायचा. एकदा मी विचारलं, "बाबा, मले ओळखता का?" त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि गंमत म्हणून म्हणाले, "नाई बा. कोनाची आहे तू?"

मी जी रडायला लागले ती थांबेचना. बाबा घाबरून गेले, मला जवळ घेऊन विचारू लागले, काय झालं, काय झालं. आई दारात नुसती उभी राहिली. आत्या भावावर कधी ओरडत नसे, त्या दिवशी ओरडली.

"पुन्हा असं नको बोलू, दादा," ती म्हणाली. का, ते तिने त्यांना सांगितलं नाही.