वाचनबाईंचा हुंदका

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या संस्थेत त्यांना सगळे वाचनबाई म्हणत. आवाज असा, की रेकॉर्डिंगच्या कपाटाएवढ्या खोलीचं दार लावून घेतलं तरी जिन्यातल्या माणसाला गोष्ट कुठवर आलीय ते कळावं. मरणाच्या प्रसंगी बाई रडत, लग्नाच्या प्रसंगीही रडत, आणि मधुमेहावरच्या पुस्तकात साखर सोडण्याच्या प्रकरणाला तर त्यांचा गळाच दाटून आला होता. श्रोते खूश होते. यंत्रावर बसणारा गृहस्थ मात्र बाई दिसल्या की आधी आवाज कमी करून ठेवी.

अशा बाईंच्या पोटी मोजकं बोलणारी लेक. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला. जवळ घ्यायला गेलं की दाराच्या चौकटीसारखी ताठ. तिने एकदा जेवताना सांगितलं, "मी खोली घेतलीय. एकटी राहणार आहे." आणि पुढचा घास घेतला. बाईंनी मात्र ताट बाजूला सारलं. आपण हिला नकोशा झालो, एवढंच डोक्यात फिरू लागलं. पण विचारायची छाती होईना. विचारलं तर लेक खरं सांगेल, याची त्यांना खात्री होती.

त्याच सुमाराला वाचायला एक कादंबरी आली. सांगणारी बारा वर्षांची स्वमग्न मुलगी. बाईंनी स्वयंपाकघरात सराव सुरू केला. आई भांडून घराबाहेर पडते आणि मुलगी टेबलाखाली जाऊन बसते, तिथे बाईंनी असा काही हुंदका काढला की पाणी प्यायला आलेली लेक थबकली.

"ती रडत नाहीये."

"कोण?"

"ती मुलगी. तू रडतेयस."

"अगं, आई निघून गेलीय तिची. रडेल नाही तर काय करेल बिचारी?"

"टेबलाखाली आवाज कमी येतो म्हणून बसलीय. वरच लिहिलंय, आत्ता तूच वाचलंस. नीट वाच की."

उभी हयात वाचनात घालवलेल्या बाईला कुणी तरी नीट वाच म्हणावं! पण लेक पाणी पिऊन गेल्यावर बाईंनी गुपचूप तेच पान पुन्हा वाचलं, कोरडं. मुलगी फ्रिजची घरघर ऐकत होती. मग जिन्यावरून उतरणारी आईची पावलं. मग इमारतीत ये-जा करणाऱ्या सगळ्यांचे पाय, त्यातले आईचे कोणते नाहीत ते ओळखत. आठवण येतेय असं कुठेच म्हणत नव्हती. बाईंनी पुस्तकाच्या पाठीवरचा 'स्वमग्न' हा शब्द पाहिला. स्वतःकडे हिचं लक्ष आहेच कुठे? सगळा जीव कानात, आणि कान आईच्या पायांकडे.

बाई उठून लेकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी नकोशी झालेय का गं तुला?"

"नाही."

"मग ही खोली?"

लेकीने जरा विचार केला. "तू फोनवर बोलतेस, आंघोळ करताना गातेस, भांडी घासताना भांड्यांशी बोलतेस. माझं डोकं भरून जातं. मग तू मला काही सांगायला लागलीस की ऐकायला जागाच उरत नाही. मला ऐकायचं असतं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. हुंदका ओठापर्यंत आला होता, तो त्यांनी कसाबसा गिळला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पान इतकं साधं वाचलं की यंत्रावरच्या गृहस्थाने कानावरचा हेडफोन काढून वायर तपासली.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय म्हणून तर."

पुढे लेक राहायला गेली आणि बाई तिची खोली बघायला गेल्या. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या.

"दोन कशाला?"

"मग तू काय उभी राहणार?"

बाई बसल्या. बसल्या त्या शेजारणीच्या सुनेचं घसरून पडण्याचं सगळं प्रकरण अथपासून इतिपर्यंत सांगून मोकळ्या झाल्या. हळू आवाजात, पण हुंदक्यांसकट. लेकीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग आता चालता येतं का तिला?"

बाई खुर्ची आणखी पुढे ओढून सांगू लागल्या.