उजवा गाल

"आदी काय झालं?"

कोणीही धावत येऊन काही सांगायला लागलं, की ताई डावा हात वर करून त्याला थांबवायच्या आणि हे विचारायच्या. मूल रडलं, चावलं, खुर्ची पाडली, काही असो. त्याच्या आदी काय झालं? आणि मग, त्याच्यानंतर आपण काय केलं? "मधलं तर सगळ्यांनाच दिसतं, बाय. दोन्ही बाजूंचं बघायला शिकायचं, तेच आपलं काम हाय."

बोईसरला एका हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, स्वमग्न मुलांसाठी थेरपीचं केंद्र आहे. सफाळ्याहून येऊन मी तिथे कामाला लागले तेव्हा मला यातलं काहीही येत नव्हतं. बी.ए. झाले होते आणि लहान मुलं आवडतात, असं मुलाखतीत सांगितलं होतं. ताई तिथल्या सगळ्यांत जुन्या. घिवलीच्या मच्छीमार घरातल्या, चाळिशी उलटलेल्या, कायम नऊवारी नेसल्यासारखी घट्ट ओढणी कमरेला बांधलेली. पालकांशी छापील मराठी बोलायच्या, आमच्याशी घरचं.

पहिल्याच दिवशी मी नोंदवहीत लिहिलं, 'सई चिडली. हट्ट केला.' ताईंनी पेन्सिलने दोन्ही वाक्यं खोडली.

"चिडली म्हंजे काय केलं?"

"म्हणजे... चिडली."

"माझी आई चिडली की गप बसते. माझा नवरा चिडला की ताट सरकवतो. ही चिडली म्हंजे काय केलं?"

"मणी फेकले आणि जमिनीवर पडली."

"मग तेच लिही ना. हट्ट कुठं दिसला तुला? माला तर कधी दिसला नाय."

सई तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती. वडील रासायनिक कारखान्यात पाळीवर जायचे. घर मूळचं जळगावकडचं. सईला आम्ही चॉकलेट देऊन पाहिलं, चिवडा देऊन पाहिला, फुगे उडवले. चॉकलेट तिने थुंकलं आणि फुग्यांना ती घाबरली. मुलाने चांगलं काही केलं की लगेच त्याला आवडीचं काहीतरी मिळालं पाहिजे, म्हणजे ते पुन्हा करतं, एवढं मला शिकवलेलं होतं. पण हिला आवडतं काय, तेच कळेना. ताई एक अख्खी सकाळ तिच्याजवळ जमिनीवर नुसत्या बसून राहिल्या. दुपारी कोणीतरी खोकं बंद करायला चिकटपट्टी ओढली. तो चर्रर्र आवाज झाला आणि सई पळत आली.

ताई तशाच जिना उतरून खालच्या दुकानातून चिकटपट्टीची चार रिळं घेऊन आल्या. सईला हाक मारायची, तिने वळून पाहिलं की वीतभर पट्टी ओढायची. आठवड्याभरात आमच्या खुर्च्या, खिडकीचे गज, माझी बॅग सगळं चिकटपट्टीने गुंडाळलेलं. खालच्या शेठने शेवटी विचारलं, "मॅडम, घर बदलताय काय?" ताई म्हणाल्या, "नाय हो. एक मुलगी बघायला लागली."

पुढे तिला पाणी मागायला शिकवलं. ग्लासवर दोनदा थाप मारायची, म्हणजे पाणी. आधी ताई तिचा हात धरून थाप मारायच्या, मग नुसतं मनगट, मग कोपराला बोट, मग फक्त ग्लासकडे बघणं. मी हात सोडायला घाबरायचे. ताई म्हणायच्या, "आपला हात काढायचा हाय, हे ठरवूनच तिचा हात धरायचा." ज्या दिवशी सईने आपणहून थाप मारली, त्या दिवशी तिने नऊ ग्लास पाणी मागितलं आणि ताईंनी नऊही दिले. नंतरचं सगळं पुसायला मी होते.

हे इतकं सविस्तर सांगतेय, कारण ताई निष्काळजी नव्हत्या हे तुम्हाला आधी कळायला हवं. मी पाहिलेल्या सगळ्यांत सावध माणसांपैकी त्या होत्या.

पावसाळा संपता संपता सई स्वतःला मारायला लागली. तळहाताने, तोंडावर, जोरात. मी नोंदी ठेवल्या. आधी काय: तिच्यासमोर मणी ओवायला ठेवले. काय केलं: चेहऱ्यावर मारलं. नंतर काय: आम्ही मणी उचलून घेतले. पानामागून पान हेच. म्हणजे काम टाळायला मारते, असं मी म्हटलं. स्वतःवर खूश होते मी. ताईंनी सईच्या आईला विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत?" आई म्हणाली, ताप आला होता तेव्हा दाखवलं, कान स्वच्छ आहेत, तोंड काही तिने उघडू दिलं नाही, पण बाकी ठीक आहे म्हणाले. ताईंनी मान हलवली आणि पुढे काय करायचं त्या योजनेच्या कागदावर सही केली.

ठरलं असं, की मारलं तरी मणी उचलायचे नाहीत. रागवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शांतपणे तिचा हात धरून एक मणी ओवायचा आणि मगच सुट्टी.

"पहिल्यांदा मारणं वाढणार," ताईंनी मला बजावलं. "दार उघडत नाय म्हटल्यावर माणूस आदी जोरात ठोकतो. मग सोडून देतो."

तसंच झालं. चार दिवस वाढलं, मग उतरायला लागलं. दिवसाला चाळीसच्या घरात होतं ते तिसऱ्या आठवड्यात पाच-सहावर आलं. मी आलेख काढून भिंतीवर लावला. रेघ कशी घसरगुंडीसारखी खाली येत होती. संचालक सरांनी फोटो काढला. सईच्या आईने घरी केलेल्या शेवया डब्यात घालून आणल्या आणि त्या आम्ही तिघी-चौघींनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. सईने खाल्ल्या नाहीत.

सई त्या आठवड्यात काहीच खात नव्हती.

सोमवारी ती आली ती भिंतीला टेकून बसली. मी चिकटपट्टी ओढली. तिने पाहिलं नाही. पुन्हा ओढली. नाही. ताई दारातून बघत होत्या. त्या आत आल्या आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या, बराच वेळ, पहिल्यासारख्या. मग त्यांनी हात पुढे केला. कोणाला चेहऱ्याला हात लावू न देणारी ती पोर, हलली नाही. ताईंची बोटं जबड्याखाली गेली आणि थांबली. मी वाकले तेव्हा मला वास आला. तिच्या तोंडातून येणारा, सडका.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुठल्या गालावर मारायची ही?"

"उजव्या."

"रोज?"

"रोज. उजव्याच."

"लिहिलंस?"

 ताईंनी नोंदवही ओढली, पानं उलटली. 'चेहऱ्यावर मारलं.' 'चेहऱ्यावर मारलं.' माझं नीटनेटकं अक्षर, महिनाभराचं. मी उजवा हात पाहिला होता, उजवा गाल पाहिला होता, लाल झालेला पाहिला होता, आणि लिहिला नव्हता.

"ठोकत होती ती," ताई म्हणाल्या. "आणि आपण शेवया खाल्ल्या."

त्याच दुपारी पालघरला दातांच्या दवाखान्यात तिला भूल देऊन दोन दाढा काढल्या. मुळाशी गळू झालं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हे आठ दिवसांचं नाही, महिनाभर तरी ठणकत असणार. आणि आईचा चेहरा बघून भल्या माणसाने लगेच सांभाळून घेतलं, "या मुलांना सांगता येत नाही हो. कोणालाच कळलं नसतं. कोणाचा दोष नाही यात." सईच्या वडिलांनी हात जोडले. आईने डोळे पुसले. सगळं तिथंच मिटलं होतं. माझा श्वास मोकळा झाला, हेही लिहिते.

ताई बाकावरून उठल्या. "ती सांगत होती," त्या म्हणाल्या. छापील मराठी सुटलं होतं त्यांचं. "रोज सांगत होती. आमी ते ऐकायचं नाय असं ठरवलं. कागदावर ठरवलं, माझी सही हाय. मारणं कमी झालं ते बरं वाटलं म्हणून नाय. सांगून काय उपयोग नाय, हे आमी तिला शिकवलं. तोंड बघितल्याशिवाय मी सुरुवात करायला नको होती."

वडील उभेच होते, हात अजून जोडलेले. ते खाली घ्यायचे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आईने विचारलं, "म्हणजे तिने शेवया खाल्ल्या नाहीत, ते..."

मी शेजारीच होते. माझं नाव ताईंनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

सर दुसऱ्या दिवशी ताईंना म्हणाले, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" ताई म्हणाल्या, "नाय." सरांनी त्यांना घरी बसायला सांगितलं. जाताना ताईंनी कपाटातून सईच्या नोंदींची फाइल काढली, समोरच्या दुकानातून तिच्या छायाप्रती काढून आणल्या आणि मूळ फाइल जागेवर ठेवली. आलेख मात्र भिंतीवरच राहिला. सर काढू देईनात. तो बघत मी चार महिने काम केलं. प्रत्येक मुलाचं तोंड उघडून बघायचे, कान, नखं, तळपाय. बाकीच्या मुली हसायच्या.

मग एक दिवस ताईंचा फोन. "बाय, रविवारी घिवलीला ये."

गेले. ताईंच्या अंगणात मासळी ठेवायच्या थर्मोकोलच्या पेट्या एका बाजूला रचलेल्या, आणि पायरीवर सईची आई बसलेली. मी फाटकातच थांबले. सई माडाच्या बुंध्याभोवती गोल फिरत होती. गाल भरले होते.

"आठवड्यातून दोनदा हिला घेऊन येते," आई म्हणाली, "रिक्षाने."

इतक्या दिवसांचं साठलेलं मी तिथंच, चप्पल काढायच्या आधी सांगून टाकलं. नोंदी माझ्या होत्या. गाल उजवा होता. मी लिहिलं नाही. दवाखान्यातही बोलले नाही.

सईच्या आईने माझ्याकडे पाहिलं. "मला ठाऊक होतं. मॅडमनी सगळे कागद दुसऱ्याच दिवशी घरी आणून दिले. खाली सही तुझी आहे ना रोजची." आणि मग, "मी पण आईच आहे तिची. मी तरी कुठं पाहिलं, कोणता गाल ते."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले.

ताई सईला दुखतंय हे सांगायला शिकवत होत्या. पाणी ग्लासात दाखवता येतं; दुखणं कसं दाखवणार? तिला दुखवायचं तर नाही. म्हणून ताई वाट बघायच्या. डास चावला, केसांतला गुंता ओढला गेला, पायात काटा गेला, की लगेच तिचा हात धरून त्या जागेवर ठेवायचा, आणि तत्क्षणी काहीतरी करायचं. फुंकर, तेल, पाणी, काहीही. "सांगितलं आणि कोणी काय केलं नाय, असं आता एकदापण होता कामा नये," त्या म्हणाल्या. चार महिन्यांत आपणहून तिने एकदाही सांगितलं नव्हतं. ताईंनी मला हेही सांगितलं, लपवलं नाही.

जेवणं झाल्यावर सई पायरीवरून उतरताना घसरली आणि तिचा गुडघा दगडावर आपटला. रडली नाही. उठली. आई उठणार तेवढ्यात ताईंनी डावा हात वर केला. सई इकडेतिकडे बघत होती. मग ती चालत आली, आईला ओलांडून, ताईंना ओलांडून, आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी जमिनीवर, तिच्या उंचीला बसले होते, एवढंच कारण असेल. तिने माझा हात धरला, ओढला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.

हात तसाच ठेवून मी बसून राहिले.

ताई धावत थर्मोकोलच्या पेटीकडे गेल्या, दोन्ही हातांनी झाकण उपसलं आणि मुठी भरून बर्फ घेऊन आल्या. पापलेटच्या वासाचा, खवले चिकटलेला बर्फ. त्यांनी तो माझ्या ओंजळीत ओतला आणि मी तो सईच्या गुडघ्यावर धरला. सई तिथंच टेकली, माझ्या मांडीला रेलून. पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं. ताई कमरेची ओढणी सोडून तिच्या टोकाने आपले हात पुसत राहिल्या, कोरडे झाले तरी पुसत राहिल्या.