चौकशीला आलेला माणूस

माझा जिभेचा कॅन्सर पहिल्याच टप्प्यात सापडला. मी विम्याचा क्लेम टाकला, तर चौकशीला कंपनीचा माणूस थेट वर्ध्याच्या घरी आला. चहाबरोबरच्या बिस्किटाचे बारीक तुकडे करून तो सावकाश खात होता. घर न्याहाळायला वेळ काढतोय, दुसरं काय!

मग त्यानं खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, तंबाखू-सुपारी घोटली आणि माझ्यापुढं धरली. "घ्या ना काका, कोण पाहून राह्यलं?"

मी जन्मात खर्रा खाल्लेला नाही. सापळा ओळखला. "नाई खात," म्हटलं. त्यानंच चिमूट तोंडात सोडली.

दारात चप्पल घालताना त्यानं हळूच विचारलं, "तुम्हाले पहिले काय झालतं?"

"कंपनी विचारून राह्यली का तुम्ही?"

त्यानं उघडेल तेवढं तोंड उघडून दाखवलं. आत जेमतेम एक बोट गेलं असतं.